आरोग्याच्या आकड्यांची नोकरी आणि घरच्यांचे दोन प्रश्न

डिचोलीत आज पन्नाशीला आलेल्या माणसाने एक अख्खा धंदा डोळ्यांदेखत थांबलेला पाहिला आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्याच्या राज्य सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. पुढे काम जरा मार्गी लागते न लागते तोच फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाली आणि मार्चपासून खाणी पुन्हा गप्प. ट्रक दारात उभा आणि बँकेचा हप्ता चालू, असे दिवस ज्या घराने काढले, त्या घरातली मुलगी आज ‘हेल्थकेअर अॅनालिटिक्स कंपनीत अर्ज करते’ म्हणाली, तर बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ती कंपनी टिकणार ना?

पेडण्यात प्रश्न वेगळा पडतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचेही. पाळीची नोकरी म्हणजे काय, हे आता या तालुक्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून आई विचारते, रात्रपाळी असेल तर घरी येणार कशी?

मुले अशा प्रश्नांना कंटाळतात. पण कंपनी पारखायला हेच दोन प्रश्न सर्वांत उपयोगाचे आहेत. पहिल्याचे उत्तर कंपनीच्या बातम्यांत शोधायचे, दुसऱ्याचे तिच्या रोजच्या कारभारात. अडचण एवढीच, की या कंपन्या नेमके काय करतात हे घरात कुणालाच नीट ठाऊक नसते, आणि काम ठाऊक नसले की चमकदार जाहिरातच खरी वाटू लागते.

तेव्हा आधी काम पाहू. एका अमेरिकन रुग्णाचा कागद पडद्यावर आला आहे. डॉक्टरांनी तीन गोष्टी लिहिल्या आहेत: टाइप दोन मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना आजार तिसऱ्या टप्प्यात, आणि उच्च रक्तदाब. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात प्रत्येकाला कोड असतो. नवशिका ‘ई११.९’ लिहून पुढे जाईल. त्याचा अर्थ मधुमेह आहे, गुंतागुंत नाही. सरावलेला कोडर मात्र थांबेल. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार एकत्र नोंदलेले असतील आणि डॉक्टरांनी त्यांचा संबंध नाकारलेला नसेल, तर अमेरिकी नियमांप्रमाणे तो संबंध गृहीत धरायचा असतो. म्हणून ‘ई११.२२’. त्याच न्यायाने रक्तदाबाचा कोड ‘आय१०’ न राहता ‘आय१२’ गटात जातो, आणि मूत्रपिंडाच्या टप्प्यासाठी ‘एन१८’ गटातला कोड वेगळा जोडावा लागतो. तिकडच्या मेडिकेअर अॅडव्हान्टेज योजनेत रुग्ण किती आजारी आहे यावर विमा कंपनीला मिळणारे सरकारी पैसे ठरतात, आणि ते मोजमाप याच कोडांवरून होते. कमी लिहिले तर हक्काचे पैसे बुडतात. कागदात नसलेले लिहिले तर तो कायद्याने गुन्हा.

ही झाली पहिली पायरी. असे लाखो कागद एकत्र करून कोणता रुग्ण महिन्याभरात पुन्हा इस्पितळात येईल, कुणाची तपासणी राहून गेली आहे, कोणते बिल संशयास्पद आहे हे शोधणे म्हणजे अॅनालिटिक्स. तिथे संख्याशास्त्र लागते, एसक्यूएल आणि पायथन लागते; पण तो ‘ई११.२२’ का आला हे कळणारा माणूसही लागतोच.

यासाठी अमेरिकेपर्यंत जायलाच हवे असेही नाही. आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासाचे देशभराचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, तेव्हा मधुमेहाच्या प्रमाणात सर्वांत वर गोवा होता: २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४ टक्के. गोव्यातल्या प्रत्येक घराने हा आकडा एकदा तरी स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर मोजून पाहावा. अशा राज्यात आरोग्याची माहिती नीट गोळा करणारी, वाचणारी माणसे लागणार आहेत, आणि लागतही आहेत. हृदयविकारासाठी गोव्यात ‘स्टेमी गोवा’ हा प्रकल्प उभा राहिला. गावच्या आरोग्य केंद्रात छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी काढायचा, तो इंटरनेटवरून तज्ज्ञांकडे पाठवायचा, मिनिटांत निदान मिळवायचे, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच द्यायचे आणि रुग्णाला १०८ च्या गाडीने बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यायचे. बंगळूरची ट्रायकॉग ही ईसीजी वाचणारी कंपनी या साखळीतला एक दुवा. रुग्ण दारात आल्यापासून सुई टोचेपर्यंत किती मिनिटे गेली, कोणत्या केंद्रावर उशीर झाला आणि का, हे काढणे ही विश्लेषकाची कामगिरी. त्या आकड्यामागे कासारवर्ण्याचा किंवा मयेचा कुणीतरी माणूस असतो, आणि हे काम करणाऱ्याने ते विसरून चालत नाही.

याहून जुने आणि जगभर वाचले गेलेले उदाहरण ‘संगाथ’चे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात ही संस्था सुरू केली. तिच्या ‘मानस’ प्रकल्पाचे पूर्ण नाव ‘मनाशांती सुधार शोध’. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक माणसांनी समुपदेशन केले तर नैराश्य आणि चिंतेचे रुग्ण बरे होतात का, हे तपासायला १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने घेतले. २,७९६ रुग्णांची माहिती २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. सरकारी केंद्रांत फरक स्पष्ट दिसला. पुढे नैराश्यासाठी आणि दारूच्या प्रश्नासाठी बेतलेल्या छोट्या उपचारांच्या चाचण्याही गोव्यातल्या आरोग्य केंद्रांतच झाल्या. घरोघरी जाऊन, लोक ज्याला ‘टेन्शन’ म्हणतात ते त्यांच्या भाषेत विचारून, उत्तरे प्रश्नावलीत अचूक भरणे ही या शास्त्राची पायाभरणी. कोकणी-मराठी सहज बोलणारे पेडण्या-डिचोलीचे मूल इथे मागे नाही, दोन पावले पुढे आहे.

आता बाबांचा प्रश्न. या क्षेत्रातल्या मोठ्या कंपन्यांची मुख्य ठाणी मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद, चेन्नई इथे आहेत आणि त्यांच्या बातम्या सतत येत असतात. मराठी माणसाला जवळचे उदाहरण सिटियसटेकचे. रिझवान कोईता आणि जगदीश मूरजानी यांनी २००५ मध्ये सुरू केलेली, आरोग्य क्षेत्रासाठी सॉफ्टवेअर आणि डेटाचे काम करणारी ही कंपनी. तिच्यात २०१४ मध्ये जनरल अटलांटिक आली, २०१९ मध्ये बेअरिंग प्रायव्हेट इक्विटी एशिया, २०२२ मध्ये बेन कॅपिटल. अमेरिकेत मुख्यालय असलेली जेब्स ही याच क्षेत्रातली कंपनी २०२४ मध्ये ईक्यूटी या स्वीडिश गुंतवणूकदाराने घ्यायचे ठरवले. अशी बातमी वाचून घरात आनंद होतो, ‘मोठा पैसा आला’ म्हणून. पैसा येणे चांगलेच. पण असा गुंतवणूकदार साधारणपणे काही वर्षांनी आपला हिस्सा विकायलाच आलेला असतो, आणि मालकी बदलली की पगाराची रचना, पाळ्या, कधी शहरसुद्धा बदलू शकते. म्हणून बातमीत रक्कम वाचून थांबू नये. कंपनीचे ग्राहक किती, एकाच विमा कंपनीवर सगळा डोलारा उभा आहे का, गेल्या दोन वर्षांत माणसे घेतली की कमी केली, हे शोधावे. कंपनी कधी नोंदली गेली आणि आज चालू आहे का, हे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते.

पुरस्काराच्या बातम्यांचेही तसेच. ‘ग्रेट प्लेस टू वर्क’चे प्रमाणपत्र कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणावर बेतलेले असते, त्यामुळे ते निरर्थक नाही, पण कंपनी स्वतः शुल्क भरून त्यात उतरते, हे माहीत असावे. ज्या बातमीकडे पालकांचे सहसा लक्ष जात नाही ती सायबर सुरक्षेची. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या चेंज हेल्थकेअरवर हल्ला झाला, तेव्हा तिथल्या इस्पितळांची बिले आणि औषध दुकानांचे व्यवहार कित्येक दिवस अडकले. रुग्णांची माहिती सांभाळणे हा या धंद्याचा प्राण आहे. म्हणूनच अनेक कार्यालयांत मोबाइल बाहेर ठेवून जावे लागते. मुलीचा फोन दिवसभर लागला नाही, तर घरच्यांनी घाबरून जाऊ नये.

आईच्या प्रश्नावर, म्हणजे कंपनीच्या रोजच्या कारभारावर, जरा जास्त थांबायला हवे. योगदिनाचे फोटो, ध्यानाचे अॅप, फळांची टोपली, तणावमुक्तीचे व्याख्यान: कंपन्या ‘वेलनेस’ म्हणून हे दाखवतात. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. २०२४ मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की असे वैयक्तिक कार्यक्रम घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात जवळजवळ काहीच फरक नव्हता; अपवाद स्वयंसेवी कामाची संधी मिळालेल्यांचा. उलट कामाच्या तासांचा फरक शरीर बरोबर नोंदवते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२१ च्या अभ्यासात, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक आढळला. मधुमेह आणि हृदयविकाराचे आकडे दिवसभर हाताळणाऱ्या माणसालाच बसून बसून ते आजार जडावेत, यापेक्षा वाईट काय असेल?

म्हणून मुलाखतीत ‘काही विचारायचे आहे का’ म्हटले की गप्प बसू नये. दिवसाला किती कागद पूर्ण करावे लागतात? अचूकतेची अट किती? ९५ टक्के ही या धंद्यातली रूढ अपेक्षा आहे, पण ती पहिल्या महिन्यापासून लागू होते की शिकायला अवधी मिळतो, यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. लक्ष्य चुकले तर पगार कापतात का? पाळी भारतीय वेळेची की अमेरिकन? रात्रीची असेल तर गाडी घरापर्यंत येते की म्हापशाला सोडते? म्हापसा ते पेडणे हे रात्री दोन वाजता छोटे अंतर नाही. पेडण्याहून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत रोज जा-ये म्हणजे एका बाजूने पन्नासेक किलोमीटर; ते तासही कामाच्याच तासांत धरून मग दिवस मोजावा.

काही गोष्टी मागायला संकोच नकोच, त्या कायद्यात आहेत. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, हा २०१३ चा कायदा. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखेच विमा संरक्षण हवे, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. कंपनीच्या आरोग्य विम्याचा कागद मागून ते कलम वाचावे. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक पहिल्या पगारानंतर तपासावा. मूळ प्रमाणपत्रे कुणाच्याही ताब्यात देऊ नयेत. दाखवावीत, प्रत द्यावी आणि परत आणावीत. नोकरी सोडल्यास ठरावीक रक्कम भरा असा बाँड असेल, तर तो घरी आणून एखाद्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

शिक्षणाचे म्हणाल तर दारे बरीच आहेत. जीवशास्त्र, नर्सिंग, फार्मसी केलेल्यांना कोडिंगची वाट सोपी जाते. अमेरिकेच्या एएपीसी या कोडरांच्या संस्थेची सीपीसी ही परीक्षा त्यासाठी ओळखली जाते: १०० प्रश्न, चार तास. वाणिज्य शाखेची मुले विमा दाव्यांच्या कामात चांगली रुळतात. डिचोलीचे नारायण झांट्ये कॉलेज किंवा विर्नोड्याचे संत सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालय इथून बी.कॉम. होणाऱ्याला हे क्षेत्र बंद नाही. नियमित पदवी करता करता आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम करता येतो. त्याला जेईई लागत नाही, चार आठवडे शिकून पात्रता परीक्षा द्यावी लागते. संख्याशास्त्राची गोडी असेल त्याने मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे (आयआयपीएस) पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची मुख्य जबाबदारी याच संस्थेकडे असते. ‘नोकरीची हमी’ देऊन पन्नास हजार मागणाऱ्या वर्गांपासून मात्र चार हात दूर राहावे.

कोडिंगचे सोपे काम संगणक करू लागला आहे, हेही मुलांना आत्ताच सांगायला हवे. फक्त कोड पाठ करणाऱ्याचे दिवस थोडे. कागद वाचून डॉक्टरांचे म्हणणे समजणारा, संगणकाची चूक पकडणारा आणि ती आकड्यांत मांडणारा माणूस टिकेल. त्याची तयारी घरबसल्या सुरू करता येते. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले उत्तर गोवा जिल्ह्याचे माहितीपत्रक फुकट मिळते. त्यातले साखर आणि रक्तदाबाचे आकडे एक्सेलमध्ये उतरवून, त्यांतून काय दिसते आणि तसे का असावे यावर दोन पाने लिहिली, तर मुलाखतीत दाखवायला स्वतःचे काहीतरी हातात असते.

नोकरी लागल्यावर पहिले सहा महिने घरच्यांनी पगाराइतकीच झोपेचीही चौकशी करावी. रविवारी मूल दिवसभर झोपूनच राहते, जेवणावरचे मन उडाले आहे, मित्रांचे फोन घेत नाही, असे दिसले तर ‘सगळेच करतात, तूही कर’ म्हणू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फोन फुकट आहे आणि पलीकडच्या माणसाशी मराठीतही बोलता येते.