रद्दीच्या भावात युद्धशास्त्र

जुनी पुस्तकं विकत घेणं आपल्याला काही नवीन नाही. सेमिस्टर सुरू झालं की औरंगपुऱ्यात जायचं, सीनियरने विकलेलं पुस्तक अर्ध्या किमतीत घ्यायचं, मधली पानं सुद्धा न उघडता परीक्षा द्यायची आणि पुढच्या वर्षी तेच पुस्तक तिथेच नेऊन विकायचं. हे चक्र पिढ्यानपिढ्या चालू आहे. मी ज्या पुस्तकांबद्दल लिहिणार आहे ती मात्र परत विकायची नसतात. आधुनिक युद्धं आणि आंतरराष्ट्रीय राजकारण या विषयांवरची जुनी पुस्तकं का जमवायची, कुठे मिळतात आणि घेताना काय बघायचं, एवढाच या लेखाचा विषय.

आधी "का" ते बघू. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'चे चार दिवस सगळ्या देशाने टीव्हीसमोर काढले. ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगून टाकलं, आणि सकाळी ते खोटं निघालं. युद्ध चालू असताना खरं काय ते कळत नाही, हे समजू शकतं. पण युद्ध संपल्यावर तरी कळतं का? कळतं, पण हप्त्याहप्त्याने. सगळे हप्ते भरायला पन्नास वर्षंही लागू शकतात.

१९७१ चंच उदाहरण घ्या. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. तेव्हा तिथे असलेले पाकिस्तानी लष्कराचे जनसंपर्क अधिकारी सिद्दिक सालिक यांचं 'विटनेस टू सरेंडर' आलं १९७७ मध्ये. निक्सनचे सल्लागार किसिंजर यांचं 'व्हाइट हाउस इयर्स' १९७९ चं. आपल्या ईस्टर्न कमांडचे तेव्हाचे चीफ ऑफ स्टाफ जेकब यांचं 'सरेंडर ॲट ढाका' १९९७ चं. ज्यांनी शरणागतीवर सही केली त्या नियाझींचं 'बिट्रेयल ऑफ ईस्ट पाकिस्तान' १९९८ चं. आणि अमेरिकेची गुप्त कागदपत्रं आणि निक्सनच्या ऑफिसातल्या टेप वापरून गॅरी बास यांनी लिहिलेलं 'द ब्लड टेलिग्राम' २०१३ चं. किसिंजर साहेबांनी आपल्या जाडजूड ग्रंथात ज्या गोष्टी शिताफीने बाजूला ठेवल्या त्या बासच्या पुस्तकात त्यांच्याच आवाजात सापडतात. म्हणजे नुसतं किसिंजर वाचणारा माणूस हुशार होतो, पण अर्धाच!

आपण लॅबमध्ये एक रीडिंग घेऊन जर्नल सबमिट करत नाही. तीन घेतो, सरासरी काढतो, एरर किती ते लिहितो. (निदान तसं लिहितो तरी.) युद्धाच्या पुस्तकांचं तसंच आहे, फरक एवढाच की इथे सरासरी काढून चालत नाही. प्रत्येक उपकरणाचा झीरो एरर वेगळा असतो आणि तो आधी ओळखावा लागतो. जनरलच्या आत्मचरित्रात जनरल कधी चुकत नाही. मंत्र्याच्या पुस्तकात सल्ला नेहमी दुसऱ्याने चुकीचा दिलेला असतो. म्हणून माझा पहिला नियम असा की पुस्तकं जमवू नयेत, युद्धं जमवावीत. एक युद्ध निवडायचं आणि त्याचे किमान तीन साक्षीदार एका फळीवर उभे करायचे, त्यातला एक तरी विरुद्ध बाजूचा.

सुरुवातीला १९६२ सगळ्यात सोपं. कारण त्याची तिन्ही महत्त्वाची पुस्तकं एकेकाळी मुंबईहून निघालेली आहेत आणि म्हणून महाराष्ट्रातल्या जुन्या कपाटांतून अजून बाहेर पडतात. जनरल कौल यांचं 'द अनटोल्ड स्टोरी' (१९६७), ब्रिगेडियर दळवी यांचं 'हिमालयन ब्लंडर' (१९६९) आणि ब्रिटिश पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांचं 'इंडियाज चायना वॉर' (१९७०, याची जैकोची आवृत्ती मिळते). जॉन परशुराम दळवी हे आपले मराठी माणूस. नामका चू नदीवर जी ७ वी ब्रिगेड २० ऑक्टोबर १९६२ ला चिरडली गेली तिचे ते कमांडर. दोन दिवसांनी ते चिन्यांच्या हाती सापडले आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात सुटून आले. कौल हे त्यांच्या वरचे, नव्याने उभारलेल्या चौथ्या कोअरचे प्रमुख. लढाई सुरू होण्याच्या आधी आजारी पडून ते दिल्लीत आलेले होते, आणि अंथरुणातून हुकूम देत होते.

आता ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून तोच ऑक्टोबर महिना वाचा. नदी तीच, थागला रिज तोच, आणि तरी वाटतं की दोन वेगळ्या ग्रहांवरची हकीकत आहे. दळवींचा राग दिल्लीवर आणि वरच्या अधिकाऱ्यांवर. कौल म्हणणार माझ्या हातात काय होतं? आणि मॅक्सवेल दोघांना बाजूला सारून सांगणार की दोष भारताच्या 'फॉरवर्ड पॉलिसी'चाच. मला स्वतःला मॅक्सवेल चीनच्या बाबतीत फारच उदार वाटतो. पण तो टाळून चालत नाही, कारण हेंडरसन-ब्रूक्स अहवाल त्याने पाहिलेला होता. तो अहवाल आपल्या सरकारने अजून प्रसिद्ध केलेला नाही. त्यातला बराचसा भाग २०१४ मध्ये मॅक्सवेलनेच इंटरनेटवर टाकला.

यात मराठीची भर घाला. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचं 'न सांगण्याजोगी गोष्ट' हे याच पराभवावरचं पुस्तक आहे. आणि पराभवानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री' वगैरे आपण भाषणात ऐकतोच, पण त्यांनी तिथे जाऊन नेमकं केलं काय, ते त्यांचे सचिव राम प्रधान यांच्या 'डिबॅकल टू रिव्हायव्हल' (१९९९) मध्ये मिळतं. चव्हाणांनी १९६५ च्या युद्धात लिहिलेली डायरीसुद्धा प्रधानांनीच २००७ मध्ये प्रसिद्ध केली.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठी हा माझ्यासाठी मार्कांपुरता विषय होता. या नादामुळे वि. ग. कानिटकर वाचले. 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' आणि 'व्हिएतनाम : अर्थ आणि अनर्थ' ही पुस्तकं वाचताना डिक्शनरी जवळ ठेवावी लागली, पण एकदा पकडलं की सुटत नाही. ज्यांना इंग्रजीची भीती वाटते त्यांनी इथूनच सुरुवात करावी. आमच्यासारख्या ज्यांना मराठीची भीती वाटते त्यांनीसुद्धा इथूनच!

असो. आता मिळतात कुठे? आपल्या शहरात औरंगपुरा आहेच, पण तिथे नव्वद टक्के माल अभ्यासक्रमाचा असतो. दुकानदाराला "वॉरची बुक्स आहेत का" विचारलं तर तो 'वॉर अँड पीस' काढून देतो. त्यापेक्षा वसाहतीतल्या रद्दीवाल्याशी ओळख ठेवावी. निवृत्त माणसाचं घर आवरलं जातं, मुलं पुण्याला किंवा अमेरिकेला असतात, आणि कपाटच्या कपाट वजनावर जातं. रद्दीवाल्याला मोबाइल नंबर देऊन ठेवा आणि त्याला भावाच्या वर चार पैसे द्या, पुढच्या वेळी तो आधी तुम्हाला फोन करील. छावणीच्या गुरुवारच्या बाजारातही जुन्या सामानात कधीमधी एखादं सापडतं. छावणी म्हटल्यावर लष्करी पुस्तकांचा ढीग असेल असं वाटतं, तसं काही नाही. तो ढीग पुण्याच्या जुन्या बाजारात. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. पुण्यात सदर्न कमांड, खडकवासल्याला एनडीए, आणि निवृत्त अधिकारी तिथेच स्थायिक होतात, त्यामुळे खुद्द वाचलेली, समासात शेरे मारलेली पुस्तकं तिथे येतात. असे शेरे असलेलं पुस्तक कोऱ्यापेक्षा जास्त किमतीचं समजावं. मुंबईला फाउंटनचे फुटपाथ प्रसिद्ध होते, पण २००५ च्या कारवाईनंतर ती मजा राहिली नाही.

मॉस्कोच्या प्रोग्रेस प्रकाशनाची पुस्तकं दिसली तर सोडू नका. सोव्हिएत युनियन १९९१ मध्ये संपलं, त्यामुळे ती आता जुन्यातच मिळायची. मार्शल झुकोव्हच्या आठवणींचे दोन खंड जर्मन जनरल गुडेरियनच्या 'पँझर लीडर'शेजारी ठेवायला उत्तम. गुडेरियनच्या मते सगळं हिटलरमुळे हरलं, झुकोव्हच्या मते सगळं लाल सैन्यामुळे जिंकलं. पण इथे आवृत्तीचं साल बघा. झुकोव्हच्या पुस्तकाला सोव्हिएत सेन्सॉरने लावलेली कात्री १९९० च्या सुमारास निघालेल्या रशियन आवृत्तीत भरून काढली गेली. प्रोग्रेसची १९८५ ची इंग्रजी प्रत त्याच्या आधीची आहे.

घेताना काय तपासायचं? मुखपृष्ठ नंतर, आधी नकाशे. युद्धाच्या पुस्तकात नकाशा नसेल तर ते सर्किट डायग्राम नसलेल्या मॅन्युअलसारखं आहे. घडीचे नकाशे नेमके कुणीतरी फाडून नेलेले असतात, म्हणून सुरुवातीला नकाशांची यादी असते ती घेऊन एकेक पान मोजा. मग शेवटची सूची शाबूत आहे का ते पाहा. फुटपाथवरच्या पायरेटेड प्रतीत अक्षर वाचता येतं पण नकाशा काळा डाग होऊन बसतो, तिचे पैसे देऊ नयेत. ग्रंथालयाचा शिक्का असेल तर त्यावर 'रद्द' असा शिक्का आहे का ते बघा. नसेल तर ते पुस्तक कुणाचं तरी न परत केलेलं आहे, त्या ग्रंथालयाला नेऊन द्यावं. घरी आणल्यावर चार-आठ दिवस वेगळं ठेवा आणि पानं झटकून घ्या, नाहीतर एका पुस्तकाची कसर सगळ्या फळीला लागते. कडुलिंबाचा पाला आपल्याकडे फुकट आहे. आणि पहिल्या पानावर पेन्सिलने घेतल्याची तारीख, ठिकाण आणि किंमत लिहा. पेनाने नको.

आता ज्यासाठी मी हा सगळा खटाटोप सांगितला ते युद्ध. ते आपल्याच शहरातून गेलं. १३ ते १७ सप्टेंबर १९४८, ऑपरेशन पोलो. आपण दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतो आणि सुट्टी घेतो. १४ तारखेला भारतीय फौजा औरंगाबादेत आल्या, हे किती जणांना माहीत आहे? या पाच दिवसांवरच्या पुस्तकांची नुसती नावं बघा. सरकारचा अधिकृत इतिहास, डॉ. एस. एन. प्रसाद यांचा, १९७२ : नावात 'पोलीस ॲक्शन'. हैदराबादेत भारताचे एजंट जनरल असलेले क. मा. मुन्शी, १९५७ : 'द एंड ऑफ ॲन इरा'. निजामाचे शेवटचे पंतप्रधान मीर लायक अली, जे नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेले, त्यांचं १९६२ चं : 'ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद'. ए. जी. नूरानी, २०१३ : 'द डिस्ट्रक्शन ऑफ हैदराबाद'. घटना एकच. एकाला ती पोलिसी कारवाई दिसते, एकाला युगान्त, एकाला शोकांतिका, एकाला विध्वंस. शिवाय स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी (१९६७) आहेत, त्यात लढा आतून दिसतो.

यातलं एकच वाचलं तर काय होतं? स्वामीजी आणि मुन्शी वाचून रझाकारांचे अत्याचार कळतात, आणि ते खरेच होते, आपल्यातल्या अनेकांच्या आजी-आजोबांनी ते पाहिलेत. पण १७ सप्टेंबरनंतर काय झालं ते तिथे कळत नाही. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने १९४८ च्या अखेरीस फिरून अहवाल दिला. तिच्या मते २७ ते ४० हजार माणसं, बहुतेक मुसलमान, नंतरच्या हिंसेत मारली गेली. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद (आजचं धाराशिव), गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना. हा अहवाल पासष्ट वर्षं दडून राहिला आणि नूरानींनी तो आपल्या पुस्तकाच्या परिशिष्टात छापला. उलट फक्त नूरानी आणि लायक अली वाचणाऱ्याला रझाकार म्हणजे किरकोळ गोष्ट वाटू लागते. आपल्या वर्गात दोन्ही बाजूंच्या घरांतली मुलं एका बेंचवर बसतात. दोघांनीही दोन्ही पुस्तकं वाचलेली असावीत असं मला फार वाटतं. आणि त्यातली बरीचशी आज नव्या पुस्तकांच्या दुकानात विचारून मिळत नाहीत. ती कुणाच्या तरी माळ्यावर आहेत, किंवा रद्दीच्या काट्यावर.

माझ्या फळीवर अजून एक जागा रिकामी आहे. निजामाच्या फौजेचे सेनापती एल एड्रूस, ज्यांनी १८ सप्टेंबरला जनरल चौधरींसमोर शरणागती दिली, त्यांच्या आठवणी १९९४ मध्ये 'हैदराबाद ऑफ द सेव्हन लोव्ह्ज' या नावाने निघाल्या. त्या नावातले सात पाव म्हणजे सात कुलचे. आपल्याच शहरातले सूफी संत निजामुद्दीन औरंगाबादी यांनी पहिल्या निजामाला कुलचे खायला दिले, त्याने सात खाल्ले आणि त्यांनी सात पिढ्यांचं राज्य सांगितलं, अशी दंतकथा आहे. पुस्तक मी पुण्यातही शोधलं, मिळालं नाही. कुणाच्या घरी असेल तर टीई मेकॅनिकलच्या वर्गात सांगावं. विकायचं नसेल तरी चालेल, आठ दिवसांत वाचून, नकाशांसकट परत करीन.