माइकची शिट्टी आणि तुझा डबा

अगं, रात्री पावणेबाराला पाठवलेला तुझा मेसेज मी सकाळी वाचला. ‘ताई, आवाज नुसता तडतडतोय, माझ्याने होणार नाही, जत्रा तीन आठवड्यांवर आलीय.’ आधी चहा घे, मग हे सावकाश वाच. होणार आहे तुझ्याने.

खरं सांगू का, तू हे काम हातात घेतलंस याचा मला फार आनंद झालाय. आपल्या दशावतारी नाटकात संवाद लिहिलेले नसतात, तिथल्या तिथे रंगतात. एक बाकडा हेच सिंहासन, आणि राजा तावातावाने त्याच्याभोवती फिरतो. अशा माणसाच्या तोंडासमोर माइक टिकणार कसा? म्हणून माइक वर टांगायचे, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावं म्हणून नॉब चढवायचा, आणि शंकासुर बोलायला लागतो न लागतो तोच कुंईऽऽ. आजोबा वैतागून म्हणायचे, “माइक बोंबाललो!” रात्रभर घसा ताणून, पहाटे दहिकाल्यापर्यंत उभ्या असणाऱ्या नटाचं वाक्य त्या शिट्टीखाली जातं, तेव्हा माझ्या पोटात अजून तुटतं. म्हणून पाचशे रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या ईएसपी-३२ चिपच्या बोर्डावर शिट्टी कापणारा डबा करायची तुझी कल्पना मला पटली आहे.

आता तुझी तडतड. बघ, पंगत डोळ्यांसमोर आण. कोशिंबिरीपासून भातापर्यंत सगळं उत्तम शिजलंय, पण वाढपी वेळेवर फिरला नाही, तर पान रिकामं राहतं. आवाजाचं तसंच आहे. तू सेकंदाला ३२,००० नमुने घेतेस, म्हणजे दर नमुन्याला ३१.२५ मायक्रोसेकंद. २४० मेगाहर्ट्झच्या चिपला तेवढ्यात ७,५०० ठोके मिळतात. नमुने एकेक करून वाढायचे नाहीत, ६४ चं एक ताट करायचं. ते दोन मिलिसेकंदांचं होतं. एक ताट पंगतीत फिरत असताना दुसरं स्वयंपाकघरात भरायचं, आणि ताटं उचलून नेण्याचं काम चिपमधला डीएमए नावाचा गडी तुला न विचारता करतो. तुझं काम एवढंच, की दुसरं ताट दोन मिलिसेकंदांच्या आत तयार हवं. हजारातून एकदा जरी उशीर झाला, तरी ती तडतड ऐकू येते. म्हणून सरासरी वेळ मोजत बसू नकोस गं, सगळ्यात वाईट वेळ मोज. काम सुरू होताना एक पिन वर कर, संपताना खाली कर आणि कॉलेजच्या ऑसिलोस्कोपवर अर्धा तास बघत राहा.

तू पाठवलेल्या कोडमध्ये मला दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे प्रत्येक ताटामागे तू स्क्रीनवर एक ओळ छापतेस. सेकंदाला १,१५,२०० बिटांच्या वेगाने एका अक्षराला साधारण ८७ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे २५ अक्षरांची ओळ जायलाच दोन मिलिसेकंदांहून जास्त वेळ. ताट कधी भरणार मग? ती ओळ काढ. दुसरी गोष्ट मी स्वतः केली होती आणि चार रात्री रडले होते, म्हणून लगेच ओळखली. तू ०.५ लिहिलंयस, पुढे एफ अक्षर नाही. ईएसपी-३२ मध्ये अपूर्णांकांचं गणित करणारा भाग आहे, पण तो साध्या फ्लोटपुरता. एफ नसला की ती संख्या डबल धरली जाते, आणि डबलचं गणित चिप सॉफ्टवेअरने, कितीतरी हळू करते. सगळ्या आकड्यांपुढे एफ लाव. आणि बघ, दुकानात सी३ नावाचा स्वस्त भाऊ मिळेल, तो घेऊ नकोस. त्याच्यात हा भागच नाही, आणि कोअरही एकच आहे.

दोन कोअर तुला हवेतच. एकावर फक्त आवाज. तिथे वाय-फाय नाही, मेमरी कार्ड नाही, काही नाही. दुसऱ्यावर शिट्टी शोधण्याचं काम. ते सावकाश झालं तरी चालतं, कारण शिट्टी चढायला थोडा वेळ घेतेच. १,०२४ नमुन्यांचं एफएफटी केलंस, म्हणजे त्यातले सूर गणिताने वेगळे केलेस, की ३१.२५ हर्ट्झचा एकेक कप्पा मिळतो. त्यात कुठला कप्पा एकटाच फुगत चाललाय ते बघायचं आणि नेमक्या त्या जागी अरुंद नॉच, म्हणजे तेवढाच सूर कापणारी चाळणी, लावायचा. एका नॉचला नमुन्यामागे पाच गुणाकार लागतात. आठ नॉच लावलेस तरी चाळीसच. ७,५०० ठोक्यांत हे सहज बसतं. फक्त नॉचचे पाचही आकडे एकदम बदल, दोन ताटांच्या मध्ये. अर्धे जुने, अर्धे नवे झाले की फटाका वाजतो.

आणि इथे माझी एक चूक सांगते, कारण ती मला अजून बोचते. माझा पहिला डबा मी घाईने एका देवळासमोर लावला होता. आख्यान रंगात आलं, पेटीवाल्या काकांनी पंचम धरला आणि लांबवला. माझ्या डब्याने तो लांबलेला सूर शिट्टी समजून कापून टाकला. काकांनी मान वर करून स्पीकरकडे पाहिलं. तो चेहरा मी विसरलेली नाही. तेव्हापासून मी आधी एक तपासणी करते. पेटीच्या किंवा गळ्याच्या सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट कंप्रतेचे सूरही येतात. शिट्टी सुरुवातीला जवळजवळ एकटी असते. दुप्पट जागी काही सापडलं, तर हात लावायचा नाही. एवढ्यासाठी तरी एक रात्र पेटी आणि पखवाज रेकॉर्ड करून घरी डब्यातून फिरव.

तू विचारलंस की सगळा आवाजच पाचेक हर्ट्झ सरकवला तर? १९६० च्या दशकात बेल लॅब्सच्या मॅनफ्रेड श्रोडर यांनी तीच युक्ती मांडली, आणि भाषणाला ती छान चालते. पण नट पेटीवर गाणार, आणि पेटीचा मूळ सूर व स्पीकरचा सरकलेला सूर एकत्र कानावर आले की डुगडुगणार. आपल्याकडे नको.

उशिराची काळजी मात्र सोड. एक ताट आत, एक बाहेर, वर थोडं इकडे-तिकडे. पाच मिलिसेकंद धर. तेवढ्यात आवाज हवेतून साधारण पावणेदोन मीटर जातो. म्हणजे स्पीकर पावणेदोन मीटर मागे सरकवल्यासारखं. कुणाला कळणारही नाही. तेच ताट १,०२४ चं केलंस तर एकट्या ताटाचे ३२ मिलिसेकंद होतात, आणि नटाला स्वतःचंच बोलणं मागून ऐकू यायला लागतं.

तारा जोडताना दोन गोष्टी. आवाजाचे आकडे करणारी तुझी पीसीएम १८०८ चिप स्वतःचं घड्याळ बनवत नाही, तिला मास्टर क्लॉक तुला पुरवावा लागतो. तो नसला की नुसती शांतता, आणि आपण कोडमध्ये चूक शोधत बसतो. दुसरं, आपली खारी हवा. एका पावसाळ्यात माझ्या बोर्डाचे टाके हिरवे पडले. सगळं तपासून झाल्यावर पारदर्शक कोटिंग मार, पण कनेक्टर, स्विच आणि कधी बोर्डावरचा माइक वापरलास तर त्याचं बारीक भोक आधी टेपने झाक. मी झाकलं नव्हतं, माइक कायमचा बहिरा झाला.

वीज पॉवर बँकेवर घे. मंडपातल्या जनरेटरची गुणगुण बरीच कमी होते. पण काही पॉवर बँका करंट कमी दिसला की आपणहून बंद होतात, म्हणून आधी घरी तीन-चार तास चालवून बघ.

आणि हे बघ, डब्याकडून चमत्कार मागू नकोस. तो तुला थोडेच डेसिबल मिळवून देईल. माइक आणि तोंडातलं अंतर निम्मं केलंस, तर तेवढ्यानेच साधारण सहा मिळतात. म्हणून साऊंडवाल्या दादांशी आधी गोड बोल. माइक हातभर खाली घ्यायला सांग, स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून लावायला सांग. वायर सोडताना त्यांना मदत कर. मग ते तुझा डबा मिक्सर आणि ॲम्पच्या मध्ये लावू देतील.

एका गोष्टीवर मात्र मी ऐकणार नाही. रिले लावल्याशिवाय तो डबा देवळात न्यायचा नाही. असा रिले, की डब्याची वीज गेली की आवाज आपोआप सरळ मिक्सरमधून ॲम्पमध्ये जाईल. चिप अडकली तर तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या वॉचडॉगने रिलेही सोडला पाहिजे. नाटक चालू असताना कुणी तुझी वाट बघणार नाही, बघूही नये.

रविवारी सकाळी ये माझ्याकडे. घावणे करते. बोर्ड, रिले आणि तो एफ नसलेला कोड घेऊन ये. शेजारच्या काकांची जुनी पेटी मी मागून ठेवते. तू डबा लाव, मी पंचम धरून बसते.