मुलांचें हंसणें व मुलांचें हंसें

मुलांचा विनोदी चित्रपट पाहतांना आपण पोट धरून हंसतों. परंतु त्यांत हंसतो कोण आणि हंसें होतें कोणाचें, हें सहसा पाहत नाहीं. आज तेवढेंच पाहूं.

दादासाहेब फाळके यांनीं १९१९ सालीं 'कालिया मर्दन' हा मूकपट काढला. सहा वर्षांपूर्वीं, 'राजा हरिश्चंद्रा'च्या वेळीं, तारामतीच्या कामाला स्त्री मिळेना म्हणून त्यांना अण्णा साळुंके या पुरुषाला लुगडें नेसवावें लागलें होतें. आतां त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी खुद्द बाळकृष्ण झाली! चित्रपटाच्या आरंभीं ती स्वतःच्या रूपांत येऊन मुद्रेवरील नाना भाव दाखविते आणि मग कृष्ण होते. म्हणजे ही मुलगी आहे हें लपविलेलें नाहीं. पुढें कृष्ण व त्याचे सवंगडी लोणी चोरतात; रात्रीं एका धनिकाच्या शयनगृहांत शिरून कृष्ण त्याची दाढी त्याच्या पत्नीच्या केसांना बांधून ठेवतो. येथें हंसें होतें तें मोठ्यांचें. मात्र याच कृष्णाचा सवंगडी पेंद्या तमाशाच्या गौळणींत लंगडत येतो, आणि तेथें पुष्कळदां त्याच्या पायालाच लोक हंसतात, हेंही सांगितलें पाहिजे.

पुढें तीनच वर्षांनीं, १९२२ सालीं, अमेरिकेंत हॅल रोच यांनीं 'अवर गँग' ही मुलांच्या विनोदी लघुपटांची माला सुरू केली. ती १९४४ पर्यंत चालली व तींत दोनशेंहून अधिक चित्रपट निघाले. त्या काळीं अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या व गोऱ्या मुलांच्या शाळा कायद्यानेंच वेगळ्या होत्या. सर्वोच्च न्यायालयानें ती रीत घटनाबाह्य ठरविली ती १९५४ सालीं. असें असतां या चित्रपटांत दोन्ही वर्णांचीं मुलें एकत्र खेळत, भांडत, खोड्या करीत. अर्नी मॉरिसन हा काळा मुलगा त्या टोळींतील पहिल्या मंडळींपैकीं. ॲलन हॉस्किन्स हा तर 'फरिना' या नांवानें फार लोकप्रिय झाला. तो मुलगा असून वेण्या व झगा घालून वावरे. परंतु भुताला भिऊन डोळे फिरविणें, अशुद्ध बोलणें, हीं कामें बहुधा काळ्या मुलांच्याच वांट्याला येत. शेजारीं बसविलें हें खरें, आणि हंसें केलें हेंही खरें. एकासाठीं दुसरें विसरणें मला योग्य वाटत नाहीं.

इतक्या दूर जाण्याचें कारण जवळचें आहे. आपल्या स्नेहसंमेलनाचें प्रहसन कित्येक वर्षें मीच बसवितों. त्यांत धनी पुस्तकी मराठी बोलतो, गडी वऱ्हाडी बोलतो, आणि गड्याचें काम मी खेड्यांतून येणाऱ्या मुलाला देतों. कां, तर त्याला तें 'साधतें'. गेल्या वर्षीं टाळ्यांचा कडकडाट झाल्यावर असा एक विद्यार्थी पडद्यामागें मला म्हणाला, "सर, मी घरी असाच बोलतो. लोकं काहून हासले?" मला उत्तर सुचलें नाहीं. समोर बसलेल्या पालकांत त्याचे आईवडीलही होते.

यंदाच्या तालमी सुरू झाल्या आहेत. या खेपेस न्यायाधीश वऱ्हाडींत निवाडा देईल आणि पुस्तकी बोलणाऱ्या कारकुनाची फजिती होईल. न्यायाधीशाचें काम त्याच मुलानें मागून घेतलें आहे.