आधी कागद, मग काच

घरातल्या फौजी माणसाची पदकं फ्रेम करून भिंतीवर लावायची ठरली, की पहिला फोन फ्रेमवाल्याला जातो. तो शेवटी जायला हवा. आमच्या मामांच्या बाबतीत तो पहिला गेला आणि पुढे बरंच निस्तरावं लागलं. त्या निस्तरण्यात जे कळलं ते इथे लिहिते आहे. जबलपुरात हा विषय घरोघरचा आहे. ग्रेनेडियर्सचं सेंटर इथे, जम्मू-काश्मीर रायफल्सचं इथे, सिग्नल्सचं ट्रेनिंग सेंटर इथे. शिवाय गन कॅरेज, खमरिया, व्हेइकल फॅक्टरी. बहुतेक गल्ल्यांत एखादे सुभेदारसाहेब सापडतातच, आणि त्यांच्या ट्रंकेत तळाला कापडाच्या पिशवीत पदकं.

मामा सिग्नल्सचे. चीनच्या युद्धानंतर मोठी भरती निघाली, तीत १९६३ साली ते शिरले, इथेच शिकले आणि १९८७ साली सुभेदार म्हणून बाहेर पडले. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला काहीतरी वेगळं द्यावं म्हणून पुण्याच्या भावंडांनी पदकांची फ्रेम करायचं ठरवलं. मामांना पत्ता लागू द्यायचा नव्हता, म्हणून मामींनी ट्रंक उघडून पिशवी गुपचूप काढून दिली. पिशवीत दोन पदकं कमी निघाली. ती एका भावाने ऑनलाइन मागवली. एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण एकाहत्तरची लढाई म्हणजे बांगलादेश, एवढ्या भांडवलावर त्याने एक ‘पूर्वी स्टार’सुद्धा मागवून टाकला.

औक्षण झालं, फ्रेमवरचं कापड काढलं, टाळ्या झाल्या. मामांनी चष्मा लावला, बोट काचेवर ठेवलं आणि विचारलं, “हा कोणाचा?”

कोणाला काही कळेना. मग तेच म्हणाले, “अरे, मी शकरगडला लाइन टाकत होतो. ढाका पडल्याचं मी रेडिओवर ऐकलं.”

एवढंच बोलून ते जेवायला बसले. रागावले नाहीत, पण फ्रेम घरी न्यायलाही तयार झाले नाहीत. न लढलेल्या मैदानाचं पदक नावावर लावून घेणं फौजी माणसाला चोरीसारखं वाटतं, हे आम्हा नागरी लोकांच्या चटकन लक्षात येत नाही. आपल्याला ती शोभा वाटते. त्याच्या लेखी ते निवेदन असतं, अमुक साली मी अमुक ठिकाणी होतो असं सांगणारं.

भारतीय युद्धपदकांची रचनाच तशी आहे. १९७१ साली शकरगडसारख्या ठिकाणी, पश्चिम आघाडीवर असलेल्यांना पश्चिमी स्टार, पूर्वेकडच्यांना पूर्वी स्टार. ‘संग्राम पदक’ त्याच युद्धाचं, पण त्याचं वर्तुळ बरंच मोठं. १९६५ चंही तसंच: प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात असलेल्यांना ‘समर सेवा स्टार’, आणि ५ ऑगस्ट १९६५ रोजी ज्यांची १८० दिवसांची सेवा भरली होती त्यांना ‘रक्षा पदक’. सैन्य सेवा पदकाच्या रिबनवर धातूची पट्टी असते, तिला क्लास्प म्हणतात. हिमालय, जम्मू-काश्मीर असा मुलूख त्या पट्टीवरून कळतो. पट्टी गळून पडली तर पदक अर्धं मुकं होतं. आमच्याकडे ती फ्रेमवाल्याने “दीदी, ये एक्स्ट्रा पीस था” म्हणत कागदाच्या पुडीत परत दिली. फेकली नाही हे नशीब.

तेव्हा सुरुवात कागदापासून. निवृत्त जवानाकडे डिस्चार्ज बुक असतं; भरती, बढत्या, युनिटं आणि मिळालेली पदकं त्यात लिहिलेली असतात. मामांचं डिस्चार्ज बुक पेन्शनच्या कागदांबरोबर प्लास्टिकच्या फायलीत व्यवस्थित होतं. ते एकदा उघडलं असतं तर पूर्वी स्टारचे पैसेही वाचले असते. पुस्तक हरवलं असेल तर रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहायचं. सिग्नल्स, ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या तिघांची रेकॉर्ड ऑफिसं जबलपुरातच आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी सागर, बॉम्बे सॅपर्ससाठी पुण्याची खडकी. पत्र कसं लिहायचं हे उमगत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. हे काम लांबणीवर टाकू नका. ज्यांना पेन्शन लागू झालं नाही अशा शिपायांचे सेवेचे कागद नियमाप्रमाणे पंचवीस वर्षांनी नष्ट केले जातात. आजोबा चार-पाच वर्षं नोकरी करून परत आले असतील, तर बहुधा घरातली पदकंच तेवढी उरलेली असतात.

ही पदकं बोलतात, फक्त ती उलटसुलट करून पाहता यायला हवीत. पदकावर, बहुधा कडेवर, बारीक अक्षरांत सेवाक्रमांक, हुद्दा, नाव आणि युनिट ठोकलेलं असतं. क्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून रेजिमेंट ओळखता येते. १९६५ चे परमवीर अब्दुल हमीद यांचा क्रमांक २६३९८८५, कारगिलचे परमवीर योगेंद्र सिंह यादव यांचा २६९०५७२. दोघेही ग्रेनेडियर्स, दोघांचा आरंभ २६ ने. क्रमांकाआधी ‘जेसी’ असेल तर माणूस सुभेदार-नायब सुभेदारांच्या वर्गातला, ‘आयसी’ असेल तर कमिशन मिळालेला अधिकारी. तरुणपणी मिळालेल्या पदकावर सिग्नलमन आणि नंतरच्यावर हवालदार असं असू शकतं. ती चूक समजू नका, त्यात त्या माणसाची चढण दिसते.

नेमकी हीच कड आमच्या फ्रेममध्ये गेली होती. फ्रेमवाल्याने पदकं मखमलीवर पक्क्या गोंदाने चिकटवली होती. मी परत घेऊन गेले तेव्हा तो अभिमानाने म्हणाला, “सौ साल नहीं निकलेगा.” त्याआधी पितळेची भांडी घासायच्या पॉलिशने सगळी लख्ख केली होती. आता सैन्य सेवा पदकाच्या कडेवर मामांच्या नावातली शेवटची अक्षरं बोटाला जाणवतात, डोळ्यांना दिसत नाहीत. जुनी विरलेली रिबनं काढून नवी चमकदार लावली होती, आणि तीही दोन ठिकाणी अदलाबदल करून. फ्रेमवाला वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे लग्नाचे फोटो आणि देवांच्या तसबिरी येतात, त्याला जे येत होतं ते त्याने मनापासून केलं. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

पदकाची पाठही बघण्यासारखी असते. परमवीर चक्राचंच पाहा. १९५० पासूनच्या या पदकाची रचना करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर जन्माने स्वित्झर्लंडच्या, पण लष्करी अधिकारी विक्रम खानोलकरांशी लग्न करून पुरत्या इथल्या झालेल्या. त्यांनी पदकाच्या पुढच्या बाजूला राजमुद्रेभोवती इंद्राची चार वज्रं घेतली, आणि मागच्या बाजूला हिंदी आणि इंग्रजी नाव, मध्ये कमळं. शिवाय पदक फिरतं राहील अशा कडीवर टांगलेलं. ज्या वस्तूची पाठही कोणीतरी विचार करून घडवली, तिची पाठ फळीला कायमची चिकटवायची कशाला?

गोंद काढायला सराफ्यातला एक कारागीर उपयोगी पडला. अ‍ॅसिटोन नको म्हणाला, कारण त्याने रिबनचे रंग फुटतात. त्याने बारीक नायलॉनचा दोरा पदक आणि फळीच्या मधून करवतीसारखा हळूहळू ओढत एकेक मोकळं केलं. पूर्वी स्टार सुटला तेव्हा त्यावर एका दुसऱ्याच जवानाचा क्रमांक आणि नाव निघालं. म्हणजे ती नक्कल नव्हती. कोणाच्या तरी घरून, गरजेने किंवा अज्ञानाने, ते पदक भंगारात नाहीतर बाजारात आलं होतं. मामांनी ते हातात घेऊन नाव दोनदा वाचलं आणि म्हणाले, “हे त्याच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवा.” पाठवलं.

पदकं विकत घेण्याबद्दल म्हणून स्पष्ट लिहिते. नाव कोरलेलं खरं पदक शोभेसाठी विकत घेऊ नये. आपल्या माणसाचं पदक खरोखर हरवलं असेल, तर हरवल्याची पोलिसात नोंद आणि प्रतिज्ञापत्र करून रेकॉर्ड ऑफिसकडे दुसऱ्या प्रतीची मागणी करावी. तोवर इथल्या सदर बाजारातल्या वर्दीच्या दुकानात नकला मिळतात, आणि त्या लावण्यात कमीपणा काहीच नाही. मूळ पदक हातात पडायला इतका वेळ लागतो की नोकरीतले जवानसुद्धा परेडला विकतच्या प्रती लावतात. फक्त फ्रेमच्या पाठीमागे कोणतं मूळ आणि कोणती प्रत हे लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी नातवंडं विचारतील तेव्हा सांगायला तुम्ही नसाल.

क्रमाचा घोळ सगळ्यांचा होतो. पदकं डाव्या छातीवर लावतात आणि सर्वांत ज्येष्ठ पदक बटणांच्या बाजूला येतं, म्हणजे समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला. फ्रेममध्येही तसंच. मामांची रांग अशी लागली: समर सेवा स्टार, पश्चिमी स्टार, रक्षा पदक, संग्राम पदक, सैन्य सेवा पदक, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक, मग वीस वर्षांच्या आणि शेवटी नऊ वर्षांच्या सेवेचं. आकार, चकाकी किंवा मिळाल्याची तारीख यांचा क्रमाशी संबंध नसतो. इंग्रजांच्या काळातली पदकं तर भारतीय पदकांच्या मागे जातात. फील्ड मार्शल माणेकशांना १९४२ साली ब्रह्मदेशात जपान्यांशी लढताना मिलिटरी क्रॉस मिळाला होता. त्यांच्या रांगेत तो नऊ वर्षांच्या सेवापदकानंतर येतो. पणजोबांचा बर्मा स्टार कितीही देखणा असला तरी तो पहिला लावू नका.

मांडणीचं सामान महाग नसतं, फक्त नीट मागावं लागतं. पाठीला प्लायवूड किंवा एमडीएफ नको. त्यातून आम्लाची वाफ सुटत राहते आणि बंद काचेत धातू काळवंडतो. आम्लविरहित माउंटबोर्ड मागा. मखमल हवीच असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का ते पाहा. लोकरीचं फेल्ट मात्र चांदीच्या पदकाजवळ नको. पदकं सुती दोऱ्याने वरच्या पट्टीशी टाचून घ्यायची, चिकटवायची नाहीत. काच पदकाला टेकू नये म्हणून कडेने पट्टी घालून पोकळी ठेवायची. फ्रेमची पाठ खिळ्यांऐवजी स्क्रूने बंद करा, म्हणजे उघडता येते. जुनं रिबन फेकू नका. नवं लावलं तरी जुनं पाकिटात घालून त्याच फ्रेमच्या मागे ठेवा. फोटो लावायचा तर मूळ फोटोची प्रत लावा, कारण जबलपूरचा पावसाळा आणि कसर दोघांनाही जुना कागद आवडतो. पॉलिश अजिबात नको. मऊ कोरड्या कापडाने धूळ टिपली की पुरे.

जागेवरून आमच्याकडे जरा वाद झाला. मामींना फ्रेम देवघराशेजारी हवी होती, भाव समजण्यासारखा आहे. पण रोजचा धूप, कापूर, समईची काजळी हे सगळं काचेच्या फटीतून आत जातं. बाहेरच्या भिंतीला जुलै-ऑगस्टमध्ये ओल येते, आणि खिडकीसमोर उन्हाने रिबनचे रंग उडतात. शेवटी बैठकीतली आतली भिंत ठरली. फ्रेममध्ये सिलिका जेलची पुडी ठेवली आहे, ती दर पावसाळ्याआधी बदलायची.

पदकं अंगावर लावण्याबद्दलही घरोघरी गैरसमज असतात. जिवंत आहेत तोवर ती ज्यांची त्यांनीच लावायची. समारंभाच्या फोटोत नातवाने मामांची पदकं स्वतःच्या डाव्या छातीवर लावली होती, तो फोटो मामांनी काढून टाकायला लावला. दिवंगत सैनिकाच्या वारसांना आदरांजलीच्या कार्यक्रमात त्याची पदकं उजव्या छातीवर लावता येतात. लष्कराने २०१९ साली तशी मुभा दिली आहे.

आणि फ्रेम रिकामी वाटली म्हणून माणूस लहान ठरत नाही. याच जबलपुरात फेब्रुवारी १९४६ च्या अखेरीस सिग्नल ट्रेनिंग सेंटरच्या जवानांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्यातल्या अनेकांना नोकरीतून काढलं, पेन्शनही मिळालं नाही. अशा घरात पदक सापडणार नाही. सापडलं तर एखादं पत्र किंवा बडतर्फीचा कागद सापडेल. तोही काचेत लावण्याच्या योग्यतेचा आहे.

दुसरी फ्रेम झाली तेव्हा पदकांखाली कोणती ओळ लिहायची हे मामांनाच विचारलं. शौर्य, बलिदान असे शब्द त्यांनी खोडले. क्रमांक, हुद्दा, नाव, कोअर, भरतीचं आणि निवृत्तीचं वर्ष, बस. ही फ्रेम मात्र त्यांनी लावून घेतली. तुमच्या घरी कोणी निवृत्त फौजी असतील तर वाढदिवसाची वाट पाहू नका. त्यांच्यापासून गुपित ठेवून काही करू नका. पिशवी त्यांच्यासमोर उघडा, एकेक पदक हातात देऊन विचारा आणि सांगतील ते लिहून घ्या. रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकाल तेव्हा सेवाक्रमांक सगळ्यात वर लिहा. नुसत्या नावावर तिथे कोणी सापडत नाही.