चेतापेशी निरोप कसा सोडते?

आमच्या आजीचे पहिले मूल आठव्या दिवशी गेले. जबडा मिटलेला, दूध ओढता येईना, अंग कमानीसारखे ताठ. बाळंतिणीने तिन्हीसांजेला उंबरा ओलांडला म्हणून बाधा झाली, असे घरात ठरले. मानसशास्त्राच्या पेपरासाठी मज्जासंस्थेचे प्रकरण वाचताना ही ऐकलेली गोष्ट आठवली, म्हणून कला शाखेचा विद्यार्थी असूनही या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे.

दोन चेतापेशी बहुधा एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये अतिसूक्ष्म फट असते. विजेचा आवेग या फटीपाशी थांबतो आणि पुढे निरोप जातो तो रसायनाच्या रूपाने. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ऑटो लोवी यांनी हे १९२१ साली दाखवून दिले. प्रयोगाची कल्पना त्यांना स्वप्नात सुचली. उठून त्यांनी ती चिठोऱ्यावर खरडली, पण सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना! (आमच्या वह्यांची गत निराळी नाही.) पुढल्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले, तेव्हा ते तडक प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस नस त्यांनी विजेने चेतविली, ठोके मंदावले. त्या हृदयातील द्रव दुसऱ्या हृदयास दिला, तर त्याचेही ठोके मंदावले. ते रसायन पुढे ॲसिटिलकोलीन ठरले.

हे रसायन पाझरत नाही, मोजून सुटते. बर्नार्ड कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या दशकात लंडनमध्ये हे सिद्ध केले. मापट्याने जोंधळे मोजावेत तसे एक माप, दोन मापे. अर्धे माप नाही. ही मापे म्हणजे पेशीच्या टोकाशी सज्ज असलेल्या चिमुकल्या पिशव्या. एकेकीत हजारो रेणू असतात.

पण पिशवी उघडतो कोण? आवेग येताच पेशीच्या आवरणातील दारे उघडतात व बाहेरील कॅल्शियम आत शिरते. भोवती कॅल्शियम नसेल तर आवेग येऊनही निरोप सुटत नाही. सिनॅप्टोटॅग्मिन नावाचे प्रथिन कॅल्शियमची चाहूल घेते. पिशवीवरील व आवरणावरील प्रथिने एकमेकांत पीळ घालून पिशवीला आवरणाशी एकजीव करतात, आणि रसायन बाहेर पडते. सारे एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत! या संशोधनाबद्दल थॉमस सुडॉफ यांना, जेम्स रॉथमन व रँडी शेकमन यांच्यासह, २०१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

धनुर्वाताचे विष यातील पिशवीवरचेच प्रथिन कापते, हे १९९२ साली उमगले. तेही कोठे, तर स्नायूंना ‘आता थांबा’ असे सांगणाऱ्या पेशींत. लगाम सुटतो आणि स्नायू आवळतच राहतात. या विषाचे जंतू मातीत आणि शेणात असतात; न धुतलेल्या पात्याने नाळ कापली की बाळाच्या अंगात शिरतात. मातेला लस टोचणे व स्वच्छ पाते वापरणे, एवढ्याने हे टळते. भारतात माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले.

सुट्टीत हे सारे आजीला सांगितले. पिशव्या-प्रथिने तिने सोडून दिली. “म्हणजे उंबऱ्यानं नव्हे ना रे?” तिने विचारले. मी नाही म्हटले. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “विळा गोठ्यातलाच होता.”