‘अल्यूड’ : नाव न घेता केलेला निर्देश

इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांत ‘रेफर’ आणि ‘अल्यूड’ ही क्रियापदे पुष्कळदा एकाच अर्थाने योजलेली दिसतात. वस्तुतः काटेकोर वापरात ‘रेफर’ म्हणजे उघड उल्लेख करणे, तर ‘अल्यूड’ म्हणजे नाव न घेता सूचित करणे. ‘खेळणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘लूदेरे’ धातूपासून हा शब्द आला. ‘निसटणे’ या अर्थाचा ‘इल्यूड’ त्याचाच भाऊबंद. त्यांची गल्लत करू नये.

“सोन्याच्या हरणामागे धावू नकोस,” असे कोणी म्हटले की सीतेचे नाव न घेताही रामायण आठवते. हेच ‘अल्यूजन’. ‘इन्सिन्युएट’ या शब्दातही आडून सुचवणे असते. पण त्यात निंदेचा डंख असतो. म्हणून एकाऐवजी दुसरा शब्द घातल्यास लेखकाच्या माथी नसता हेतू मारला जातो.

आपल्या बुऱ्हाणपूरचेच उदाहरण घ्या. कवीने ‘तापीपलीकडची रिकामी कबर’ एवढेच लिहिले, तरी येथील विद्यार्थ्याला अर्थ लागेल. जून १६३१ मध्ये मुमताज महल येथे निवर्तली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिचे तात्पुरते दफन झाले आणि डिसेंबरात पार्थिव आग्र्यास नेण्यात आले. हे ठाऊक नसलेल्या वाचकाला मात्र त्या ओळीत ताजमहाल दिसणार नाही.

तात्पर्य, शब्दार्थ कोशात सापडेल. लेखकाने काय सुचवले, ते उमगण्यास आपले अवांतर वाचनच हवे.