जवारीचा धागा आणि नारिंगी दिवा

मिरज, रविवार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो पाहिला. काळी डबी, वर काचेच्या दोन ट्यूबा, आतून नारिंगी उजेड. "मामा, घेऊ का? आवाजाला ऊब येते म्हणतात." फोनवर उत्तर दिलं असतं तर तू 'हो हो' म्हणत तिकडे ऑर्डर टाकून मोकळी झाली असतीस. म्हणून हे पत्र.

आधी तुझी तक्रार. नवा अँप स्वच्छ वाजतो, पण किशोरीताई आमोणकरांचा भूप लावला की कोरडं वाटतं. तुला कोरडं वाटतं हे मला मान्य. ते अँपमुळे वाटतं, हे अजून ठरायचं आहे. गेल्या खेपेला आलो तेव्हा खोलीत उघडी फरशी, समोर मोठी काच आणि स्पीकर पुस्तकांच्या फळीत कोंबलेले होते. तिथे टाळी वाजवली तर ती भिंतींवरून झणझणत परत येते. आधी जमखाना अंथर, काचेवर जाड पडदा लाव, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे घे आणि कानाच्या उंचीला आण. आठ दिवस तसं ऐक. एवढ्यावर भागलं तर उरलेलं पत्र वाचू नकोस. (वाचशीलच, ठाऊक आहे.)

आता ही ऊब म्हणजे काय, ते. लहानपणी तू माझ्याबरोबर सतारमेकरांच्या दुकानात तासन् तास बसायचीस. जवारी लावताना तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली कारागीर सुताचा धागा सरकवतो, आठवतं? धागा जागेवर नसला तर तार नुसती 'टण्' करते. तो केसभर पुढेमागे झाला की तीच तार बोलायला लागते, खर्जातून गंधार ऐकू येतो. तो गंधार कुणी छेडलेला नसतो. खर्जाच्या पाचपट कंपनांचा तो उपस्वर, घोडीच्या पसरट पाठीमुळे उठून येतो. तंबोऱ्याच्या या करामतीवर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली शोधनिबंध लिहिला होता.

ट्यूबही भरच घालते. सिग्नल तिच्यातून जाताना किंचित वाकतो आणि मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा उपस्वर त्यात मिसळतो. दुप्पट म्हणजे तोच स्वर, वरच्या सप्तकातला. तिप्पट म्हणजे त्याच्यावरचा पंचम. दोन्ही मूळ स्वराशी जुळणारे, त्यामुळे कानाला ती भर खोट वाटत नाही, स्वर भरला असं वाटतं. सातवा, नववा असे उपस्वर घुसले की मात्र आवाज कर्कश होतो, आणि ट्रान्झिस्टरचे पहिले अँप बदनाम झाले ते त्यामुळे. आजच्या बऱ्या अँपमध्ये सगळी मिळून भेसळ ०.०१ टक्क्याच्याही आत असते. तुझा अँप काही चोरत नाही, फक्त पदरचं काही घालत नाही.

पण तंबोऱ्याची जवारी गवयाच्या स्वराला लावलेली असते, हे विसरू नकोस. ट्यूब सरसकट भर घालते. रेकॉर्डिंगमध्ये आधीच दोन तंबोरे झंकारत असतील तर त्यांच्यावरही.

फोटोतल्या डबीकडे येतो. तशीच एक मी पूर्वी मागवली होती. पंधरा दिवस खूश होतो, मग खोडी म्हणून उघडली. ट्यूबच्या बुडाशी भोक पाडून नारिंगी एलईडी बसवलेला! खऱ्या ट्यूबचा तापलेला तंतू मंद, निखाऱ्यासारखा दिसतो. या डबीत उजेड दिव्याचा होता. त्याहून वाईट म्हणजे, ज्या जातीच्या ट्यूबला प्लेटवर शंभर-दोनशे व्होल्ट लागतात, तिला तिथे जेमतेम १२ व्होल्ट मिळत होते. उपाशी ट्यूब आवाज भरत नाही, चुरगाळते. शिवाय अशा डब्यांना 'बफर' म्हणतात. बफर नेटकेपणाने केला तर त्यातली ट्यूब कॅथोड फॉलोअर म्हणून बसते: जेवढं आत, जवळपास तेवढंच बाहेर, भेसळ नगण्य. म्हणजे बफर चांगला असेल तर ऊब येत नाही, आणि ऊब आली तर तो चांगला नसण्याची शक्यता जास्त. हे कुठल्या जाहिरातीत येत नाही.

शिवाय ट्यूबच्या संपूर्ण अँपमध्ये जो गोडवा ऐकू येतो, त्यातला मोठा वाटा या भेसळीचा नसतोच. ट्यूबचा स्वतःचा रोध मोठा असतो. ट्यूब आणि स्पीकर यांच्यामधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर तो उतरवतो, तरी अँपचा अंतर्गत रोध बऱ्याचदा एक-दोन ओहम उरतोच. तुझ्या अँपचा नगण्य आहे. स्पीकरवर '८ ओहम' छापलेलं असलं तरी तो कुठल्या स्वराला ६ ओहम असतो, कुठल्याला ३०. अँपचा रोध जास्त असेल तर जिथे स्पीकर ३० ओहम आहे तिथला आवाज थोडा उचलला जातो. हा गोडवा ट्यूबशिवायही आणता येतो. बॉब कार्व्हर नावाच्या अमेरिकन डिझायनरने १९८५ साली 'स्टिरिओफाइल' मासिकाचं आव्हान घेतलं होतं. त्याने आपल्या ट्रान्झिस्टर अँपमध्ये फेरफार करून तो एका महागड्या ट्यूब अँपसारखा वाजवून दाखवला. दोन अँपच्या आउटपुटमधला फरक तेवढा मोजायचा आणि तो जवळजवळ नाहीसा होईपर्यंत बदल करत राहायचं, ही त्याची रीत. मासिकाच्या माणसांना दोघांतला फरक सांगता आला नाही.

तुझ्या अँपलाही तसा रोध बाहेरून जोडून बघता येतो, म्हणून ट्यूब घेण्याआधी हे कर. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जा आणि एक ओहम, वीस वॅटचे दोन सिरॅमिक रेझिस्टर आण. अँप बंद करून प्रत्येक स्पीकरच्या एका वायरीत एकेक जोड. ते तापतात, तेव्हा पडद्यापासून आणि लाकडापासून लांब ठेव, उघडे पाय एकमेकांना लागू देऊ नकोस. वरचे आकडे धरले तर फरक साधारण एक डेसिबलचा पडेल. कमी नाही, ऐकू येतो. आवडला नाही तर काढून टाक, खर्च किरकोळच झालेला असेल.

एवढं करूनही ट्यूबच हवी वाटली (हौस म्हणून वाटली तरी माझी हरकत नाही, मलाही काचेतला निखारा आवडतो), तर बफर नको, तुझ्या अँपच्या आधी बसणारा प्रीअँप घे. प्लेटला किमान दोनशे व्होल्ट देणारा. ट्यूब १२एयू७ किंवा ६एसएन७. १२एएक्स७ टाळ. तिचा गुणक १००, १२एयू७चा वीसच्या आत. तुझ्या डॅकमधून (डिजिटल फाइलचा सिग्नल करणाऱ्या डबीतून) आधीच २ व्होल्ट येतात, त्यांना आणखी फुगवलंस तर व्हॉल्यूमचं बटण आठ वाजताच्या खुणेपलीकडे नेता येणार नाही. १२एयू७ आणि १२एएक्स७ यांच्या पिना सारख्या, म्हणून एकीच्या जागी दुसरी खुपसून बघायचा मोह होईल. वीजप्रवाहाचं गणित वेगळं असतं, नको. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या ट्यूबा अजून कुठे कुठे मिळतात, पण 'न वापरलेला जुना माल' म्हणून विकलं जाणारं सगळंच न वापरलेलं नसतं. स्लोव्हाकिया किंवा रशियातली नवी जोडी घे. आणि तुझा दादा अमेरिकेतून आणतो म्हणाला तर आधी व्होल्टेज विचार. तिकडचं १२० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० वर लावलंस तर ऊब नाही, धूर मिळेल.

सुरू करताना आधी प्रीअँप, अर्ध्या मिनिटाने पॉवर अँप. बंद करताना उलट. एकदा मी घाईत क्रम चुकवला, 'धप्' झालं आणि डाव्या वूफरची कॉइल गेली. आणि प्रीअँपचं झाकण उघडायचं नाही, वायर काढलेली असली तरी. कपॅसिटरमध्ये दोन-अडीचशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. माझ्या उजव्या तर्जनीवरचा पांढरा डाग तू लहानपणी विचारायचीस, तो तिथलाच.

तुलना करताना ट्यूबसह आणि ट्यूबशिवाय, दोन्ही वेळा आवाज समान हवा. जरा मोठं वाजलेलं नेहमी 'भरदार' वाटतं, आणि विक्रेत्याला हे ठाऊक असतं. १०० हर्ट्झचा सूर लाव आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटर धर. सूर खालचाच घे, साध्या मीटरला फार वरची कंपनं नीट मोजता येत नाहीत. दोन्ही वेळा आकडा सारखा आण. मग बाबांना जोडणी बदलायला सांग आणि तू पाठ करून बस. दहापैकी किती वेळा ओळखलंस ते लिहून ठेव.

पुढच्या महिन्यात मी तिकडे येतोच आहे, मीटर घेऊन येईन. ताईला म्हणावं, जमखाना तिच्या लग्नातला काढ, तो जाड आहे.

तुझा
मामा